शिवून घेताना: मोजक्या खर्चात मापाचा शर्ट आणि सूट

सुटाचं बजेट ठरवताना बहुतेक जण जवळजवळ सगळा पैसा कापडावर घालतात आणि शिलाईत घासाघीस करतात. हिशोब उलटा हवा. हात बसलेल्या कारागिराने शिवलेला टेरी-वूलचा (पॉलिस्टर-लोकर मिश्र कापडाचा) सूट माणसाला शोभतो; कशीबशी शिवलेली शुद्ध लोकर नुसती महाग दिसते.

सगळी निवड एका गोष्टीभोवती फिरते: शिवून झाल्यावर काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही. पँटची उंची, कंबर, कोटाच्या बाजू, बाहीची लांबी हे सगळं आल्टर होतं. खांदा, मुंढा (बाही जोडायचा गोल), कोटाची उंची, बटणाची जागा, कॉलरमधलं बक्रम (आतला ताठ थर) आणि कापडाचा पोत हे बदलत नाही, किंवा बदलायचं तर अर्धा कोट उसवावा लागतो. पैसा, वेळ आणि टेलरशी वाद घालायची ताकद या दुसऱ्या यादीसाठी राखून ठेवा.

कोणाकडे टाकायचं

वाटा साधारण तीन. कापड स्वतः घेऊन टेलरकडे द्यायचं, ही सगळ्यात स्वस्त. कापडाच्या मोठ्या दुकानात शिलाईचीही सोय असते, ती दुसरी. तिसरी म्हणजे ब्रँडच्या शोरूममधलं 'मेड टू मेजर'. तिथे नमुन्याचा तयार कोट अंगात घालून बघतात, सैल-तंग कुठे ते टाचण्या लावून टिपतात, आणि कारखान्यात आधीच असलेला साचा तेवढा बदलून कपडा शिवतात. बांधा साधारण असेल तर काम स्वच्छ येतं. एक खांदा बराच खाली, पाठ वाकलेली, पोट पुढे अशी गोष्ट असेल तर साच्यात सगळे बदल बसत नाहीत, आणि अर्धवट शिवलेल्या कोटाची ट्रायल सहसा मिळत नाही.

दुकानातल्या शिलाईत एक मेख असते. काउंटरवरचा माणूस माप लिहून घेतो आणि कपडा तिसऱ्याच ठिकाणी शिवला जातो. म्हणून दोनच प्रश्न विचारा: कटिंग कुठे होतं? ट्रायलच्या वेळी कटिंग मास्टर स्वतः समोर असतील का? दुसऱ्याचं उत्तर 'आम्ही आहोत ना' असं आलं तर तिथे शर्ट टाका, सूट नको.

गल्लीतल्या टेलरचंही असंच. शर्ट-पँटमध्ये हात बसलेले कितीतरी जण कोट बाहेर कारागिराला देतात. त्यात वाईट काही नाही, फक्त तुम्हाला माहीत हवं. दुकानात शिवून लटकवलेले कोट नीट बघा. बाही सरळ लोंबते की मागे चुण्या पडतात, चौकडीची रेघ खिशावरून अखंड जाते की खिशाच्या कडेला तुटते, लॅपल (कॉलरखालची उलटी दुमडलेली पट्टी) छातीवर हलकी वळते की इस्त्रीने चपटी झाली आहे, हे पाच मिनिटांत कळतं. पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर उभा असलेला एखादा अर्धा कोट दिसला तर फार चांगलं. इथे खरी ट्रायल होते, याची ती खूण.

शिलाईचे दर शहर बदललं की बदलतात, पण अंदाज म्हणून पुण्या-मुंबईत साध्या टेलरकडे शर्टाला ४०० ते ७००, पँटला ५०० ते ८००, टू-पीस सुटाला ४,००० ते ८,००० रुपये धरून चाला. दोन हजारांत सूट शिवून देतो म्हणणारा कोटाच्या आत काय घालणार आहे, ते पुढे येईलच.

आणि वेळ. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा टेलर मोकळे असतात, मास्टरचं डोकं शांत असतं. दिवाळीच्या आधीचा महिना आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई टाळा. सुटासाठी किमान सहा आठवडे हातात ठेवा. 'अर्जंट'चे पैसे देऊन कपडा लवकर मिळतो. कापली जाते ती ट्रायल.

पहिला शर्ट परीक्षेचा

नव्या टेलरकडे थेट सूट देऊ नका. साध्या कॉटनचा एक शर्ट टाका. तो आला की एकदा धुवा, दिवसभर वापरा, मग काय बदलायचं ते घेऊन परत जा. आता बघायचं ते हे की टेलर तुमचं म्हणणं ऐकून मापाच्या वहीत दुरुस्ती लिहितो का, की 'अशीच फॅशन आहे' म्हणतो. दुसरा शर्ट बरोबर आला तर पँट द्या, पँट जमली तर कोट. चारपाच शर्ट एकदम टाकून तेच चुकीचं माप चारपाच वेळा शिवून घेण्यात काही अर्थ नाही.

कापड: पन्हा, वजन, टक्के

मुंबईत मंगळदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता, पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठेतली कापडाची दुकानं, नागपुरात गांधीबाग, अशा ठिकाणी कापड मीटरवर मिळतं आणि भावही होतो. इचलकरंजीच्या मागांवरचं कॉटन शर्टिंग रोजच्या वापराला उत्तम असतं. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न रंगाचा नाही, पन्ह्याचा. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि किती मीटर लागणार ते त्यावर ठरतं. मध्यम बांध्याच्या माणसाला:

– पूर्ण बाहीचा शर्ट, ५८ इंच पन्हा: १.६० मीटर
– तोच शर्ट ३६ इंच पन्ह्यात, बरीचशी खादी याच पन्ह्यात येते: २.२५ ते २.५० मीटर
– पँट, ५८ इंच पन्हा: १.२० ते १.३० मीटर
– टू-पीस सूट, ५८ इंच पन्हा: ३ ते ३.२५ मीटर
– वेस्टकोटसह थ्री-पीस: ३.७५ मीटर

उंची सहा फुटांच्या वर असेल किंवा कंबर ३८ च्या पुढे असेल तर टेलरला विचारल्याशिवाय कापड फाडून घेऊ नका. तयार कापलेले १.२० मीटरचे पँटपीस अशांना पुरत नाहीत. मग टेलर माया (शिवणीत आत दुमडून ठेवलेलं जादा कापड) कमी ठेवतो आणि वजन दोन किलो वाढलं की पँट बाद होते. मोठ्या चौकडीला रेघा जुळवण्यासाठी पाव ते अर्धा मीटर जास्त घ्या. कॉर्डरॉय आणि मखमलीला लव असते, सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात, तिथेही कापड जास्त जातं.

शर्टाच्या कॉटनवर काउंट सांगतात: ४०, ६०, ८०, १००. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. रोज धुवायच्या शर्टाला ५० ते ६० काउंट पुरे. १०० काउंट हवाच असेल तर दोन-प्लाय (दोन धागे एकत्र पिळलेलं) सूत आहे का ते विचारा. एकेरी बारीक सुताचा शर्ट कॉलरच्या घडीवर लवकर विरतो.

सुटिंगमध्ये स्वस्तातलं कापड म्हणजे पॉलिस्टर-व्हिस्कोस, त्याच्या वर टेरी-वूल, त्याच्या वर शुद्ध लोकर. पहिल्या सुटाला लोकर मिसळलेलं टेरी-वूल हा शहाणपणाचा सौदा. पॉलिस्टरमुळे भाव आवाक्यात राहतो आणि सुरकुत्या कमी पडतात, लोकरीमुळे कापड पडतं छान आणि इस्त्री धरतं. वजन दर चौरस मीटरला २४० ते २८० ग्रॅम. यापेक्षा हलकं कापड स्वस्त कोटात चिपाडासारखं चुरगळतं, जड कापड मुंबईच्या दमट हवेत दिवाळीतही नको होतं.

'सुपर १२०' या छाप्याला भुलू नका. हा आकडा मुळात लोकरीच्या तंतूची जाडी सांगतो: सुपर १०० म्हणजे सरासरी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. आपल्या बाजारात तोच छापा पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या काठावरही दिसतो. काठावरचं नाव नव्हे, चिठ्ठीवरचे टक्के वाचा. शंका असेल तर दुकानदाराकडून काठाचे दोनचार धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन काडीने जाळा. लोकर केस जळल्याच्या वासाने जळते आणि राख बोटाने चुरडता येते. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. कॉटन कागदासारखं जळतं. टेरी-वूलमध्ये वास आणि मणी दोन्ही मिळतात. बाजारातले जुने दुकानदार हे करून दाखवायला स्वतःच काडी काढतात.

रंग नेव्ही ब्लू किंवा मध्यम करडा. काळा सूट दिवसाउजेडी लवकर धुरकट दिसतो आणि लिंट दाखवतो. कापड दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली नेव्ही आणि काळा यांत फसगत होते.

कापड आधी भिजवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी पायरी. धुवून न आटवलेलं कॉटन पहिल्या दोन धुण्यांत ३ ते ५ टक्के आटतं. १५½ इंचांची कॉलर ३ टक्के आटली की जवळजवळ अर्धा इंच गेला, वरचं बटण लागत नाही. ३० इंचांच्या उंचीत ५ टक्के म्हणजे दीड इंच, आणि इन केलेला शर्ट दुपारपर्यंत बाहेर. कॉटन, लिनन आणि खादी साध्या पाण्यात चारपाच तास बुडवून ठेवा, पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्री करून टेलरला द्या. भिजवलंय हे त्याला सांगा, नाहीतर तो आटण्यासाठी म्हणून माप सैल ठेवेल. लोकर आणि टेरी-वूल मात्र घरी भिजवायचं नाही. त्याला कापण्याआधी वाफेची इस्त्री पुरते, आणि ती करून घ्या असं मास्टरला सांगायचं.

मापं देताना

अंगात बसणारा पातळ शर्ट आणि नेहमीची पँट घालून जा. खिशातलं पाकीट, मोबाइल, किल्ल्या काढून ठेवा. छाती फुगवून, पोट आत ओढून दिलेलं माप त्या दिवसापुरतं असतं. नेहमी उभे राहता तसे उभे राहा, आणि मास्टरने निम्मी मापं बाजूने व पाठीमागून घेतली तर समजा तो नुसते आकडे घेत नाही, उभं राहणंही वाचतो आहे.

जुना शर्ट 'मापाला' देऊन मोकळं होण्याची सवय सोडा. त्या शर्टातल्या चुकाही उतरतात. अंगाची मापं द्या, आणि आवडता शर्ट फक्त सैलपणा दाखवायला सोबत न्या.

सैलपणा आकड्यांत बोला. 'फिटिंगचा पण जास्त तंग नको' याचा अर्थ प्रत्येक टेलर वेगळा लावतो. शर्टाच्या छातीला अंगाच्या मापावर एकूण ४ ते ४½ इंच, पोटावर ४, गळ्याला अर्धा इंच: ही सुरुवात बरी. त्याहून कमी मागाल तर बसल्यावर बटणांच्या मधल्या जागा उघड्या पडतील. बाही खांद्याच्या हाडापासून मनगटाच्या हाडाच्या किंचित खालीपर्यंत. हात कोपरात वाकवून मोजलेली असेल तर उत्तम, कारण हात वाकला की बाही वर चढते. घड्याळ ज्या हातात बांधता तो कफ पाव इंच मोठा.

उंची विचारताना टेलर विचारेल, 'इन करणार की बाहेर?' दोन्ही करणार असं सांगू नका. इन करायच्या शर्टाचा घेर सीट झाकून खाली यायला हवा. बाहेर घालायचा शर्ट पँटच्या चेनच्या मध्यावर संपला की बरा दिसतो. मधलं काहीतरी शिवलं की दोन्हीकडून गेलं.

आता मुंढा. बाही जिथे जोडली जाते तो गोल. 'हात मोकळा राहावा' म्हणून आपल्याकडे मुंढा खाली, मोठा कापायची सवय आहे, आणि होतं नेमकं उलटं. मुंढा काखेपासून दोन इंच खाली असेल तर हात वर करताना बाही एकटी वर जात नाही, सगळी बाजू ओढून घेते. शर्ट पँटीतून बाहेर येतो. कोटाचा तर खांदा कानाला लागतो. मुंढा वर, काखेच्या जवळ असेल तर हात फिरतो आणि कपडा जागेवर राहतो. तयार कपड्यांत मुंढा मोठाच असतो, कारण एकच साचा हजारो अंगांना बसवायचा असतो. शिवून घेण्याचा खरा फायदा इथे आहे. आणि कापून गेलेला मुंढा वर सरकवता येत नाही, कारण तिथलं कापडच उरलेलं नसतं. तेव्हा कटिंगच्या आधी सांगायचं: 'मुंढा वर ठेवा, काखेत टोचणार नाही एवढाच.' पहिल्या दिवशी जरा वेगळं वाटेल, दुसऱ्या दिवशी लक्षातही राहणार नाही.

शर्टात आणखी काय सांगायचं

टीप इंचाला १४ ते १६. घाईच्या कामात ८-१० वर येते, आणि शिवण कच्ची राहते. बाजूच्या शिवणी आतून दुमडून बंद केलेल्या हव्यात. नुसतं इंटरलॉक मारलं तर चालतं, पण दर कमी हवा. पाठीवरच्या खांद्याच्या पट्टीत चौकडी किंवा रेघ असेल तर ती दंडाच्या बाजूला बाहीशी जुळते का, खिसा आणि बटनपट्टी पुढच्या रेघांशी जुळतात का, हे आधीच सांगून ठेवायचं.

कॉलरला फुगे का येतात? आतलं चिकट बक्रम आणि वरचं कापड वेगवेगळं आटतं, किंवा बक्रम साध्या इस्त्रीने घाईत चिकटवलेलं असतं. त्याला ठरावीक उष्णता, दाब आणि वेळ लागतो. कॉलर-कफचं फ्यूजिंग, म्हणजे हे चिकटवणं, मशीनवर करून घेता का, हे विचारा. बाजारात बहुतेक टेलरांना जवळ मशीनवाला माहीत असतो. न चिकटणारं, शिवून बसवायचं बक्रम हवं असेल तर तेही आधी भिजवून घ्यायला सांगा. कॉलरची टोकं ताठ राहायला आत प्लॅस्टिकची पट्टी, काढता येईल अशी.

कोटाच्या आत काय असतं

छातीचा आकार कापडाने नाही, आतल्या थराने येतो. स्वस्त कोटात पुढच्या दोन्ही बाजूंना चिकट बक्रम असतं. त्याच्या वरचा प्रकार हाफ-कॅनव्हास: छाती आणि लॅपलमध्ये केसाळ कॅनव्हास टाक्यांनी बसवलेला, खाली हलकं फ्यूजिंग. पूर्ण कॅनव्हास अर्थातच उत्तम, पण मोजक्या खर्चात तो कबूल करणाऱ्यावर विश्वास ठेवताना जरा जपून. नंतर तपासायचं असेल तर खालच्या काजाच्या जवळ कोटाचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच ओढा. बाहेरचं कापड आणि आतलं कापड यांच्या मधे तिसरा सुटा थर सरकताना जाणवला तर तिथे कॅनव्हास आहे. काहीच सरकत नसेल तर निदान तिथे तरी चिकटवलेलं आहे; हाफ-कॅनव्हासचा थर वर, छातीवर तपासावा लागतो.

निव्वळ फ्यूजिंगचा कोट वाईट नसतो, वर्षातून चार वेळा घालायचा असेल तर तोच घ्यावा. फक्त ते मशीनवर केलेलं हवं. हाताच्या इस्त्रीने चिकटवलेला कोट दोनतीन ड्रायक्लीननंतर छातीवर फुगतो, आणि पावसाळ्यात कपाटात राहिला तर त्याआधीच. फुगा आला की कोट संपला. दोन हजारांच्या शिलाईत काटकसर इथेच होते, बाहेरून दिसत नाही अशा जागी.

अस्तर साधं सॅटिन किंवा टफेटा घातलं तर ते पॉलिस्टरच असतं आणि घाम धरतं. व्हिस्कोसचं अस्तर थोडं महाग, पण महाराष्ट्रातल्या हवेत त्याचे पैसे वसूल होतात. पाठीला अर्धंच अस्तर मागा. मात्र मग आतल्या शिवणी पट्टी लावून स्वच्छ बंद केल्या पाहिजेत, आणि त्यासाठी टेलर जास्त पैसे मागेल, ते रास्त आहे.

बाकी तपशील झटपट: दोन बटणं, मधल्या रुंदीची लॅपल, झाकणाचे खिसे, मागे दोन कट. पहिल्या सुटात कॉन्ट्रास्ट काज आणि चमकती पाइपिंग नको. वरचं बटण बेंबीच्या किंचित वर येऊ द्या. उंची मानेच्या मागच्या हाडापासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या निम्मी. पाच फूट आठ इंचांच्या माणसाला साधारण २९ ते २९½ इंच. आखूड कोटाची फॅशन येते-जाते, पण आखूड कापलेला कोट लांब होत नाही.

ट्रायल: इथे घाई नको

दोन ट्रायल ठरवून घ्या. एक कच्ची, अस्तर लागायच्या आधी, टाक्यांवर, एक पक्की. जो शर्ट आणि जे बूट सुटावर घालणार, तेच घालून जा. आरशात पाठ बघायला मान वळवली की खांदे वळतात आणि जे दिसतं ते खोटं. सोबतच्या माणसाला मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगा आणि ते बघत मास्टरशी बोला.

खांदा आधी. भिंतीला बाजू लावून उभे राहा. दंडाच्या आधी पॅड भिंतीला लागलं तर खांदा मोठा आहे. मग कॉलर: कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून हवी, मधे बोट जात असेल तर कॉलर उसवून पुन्हा बसवावी लागेल. कच्च्या ट्रायलला हे दहा मिनिटांचं काम, पक्क्या ट्रायलला मास्टरची नाराजी.

मानेच्या खाली पाठीवर आडवी वळी पडत असेल तर तुमचे खांदे सपाट आहेत आणि कोट उतरत्या खांद्याचा कापलाय. खांद्याच्या शिवणीत कापड कमी करावं लागतं. उलट, मानेपासून काखेकडे तिरप्या घड्या जात असतील तर खांदे उतरते आहेत. एकाच बाजूला पडत असतील तर तो खांदा खाली आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा खांदा बऱ्याचदा खाली असतो. त्या बाजूला पॅडचा एक थर जास्त घालून भागतं.

बटण लावल्यावर तिथून चारी बाजूंना ताण दिसला तर पोटावर कापड कमी आहे. बाजूला माया असेल तर अर्धा-पाऊण इंच सुटतो. बटण लावून सपाट हात आत सहज जावा, मूठ घातली की ताण यावा, हे बरोबर. मागचे कट उभं असताना उघडे राहत असतील तर सीटवर तंग. पोट पुढे असेल तर कोटाचा पुढचा काठ वर उचललेला दिसतो, तिथे पुढची उंची वाढवावी लागते. वाकलेल्या पाठीला मागची. हे फक्त कच्च्या ट्रायलला शक्य आहे.

बाहीच्या मागे चुण्या असतील तर बाहीची दिशा तुमच्या हाताच्या लोंबण्याशी जुळत नाही. बाही उसवून किंचित पुढे किंवा मागे फिरवून लावतात. तो दोष लांबी कमी करून जात नाही, तरी बरेच जण तेच सुचवतात. लांबी शेवटी बघायची: हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसला पाहिजे. बाहीवरची बटणं तोपर्यंत लावू देऊ नका, आणि खरी काजं तर मुळीच पाडू देऊ नका. काज पडलं की बाही खालून कमी करता येत नाही.

'इस्त्रीने जाईल' हे वाक्य ऐकू येईल. सुरकुती इस्त्रीने जाते, ताण जात नाही. कापड बोटाने हलकेच सारखं केल्यावर घडी पुन्हा तिथेच आली तर ती कटिंगची घडी आहे.

पँट

कंबर कुठे बांधता ते मोजमापाच्या वेळीच दाखवा. कोटाखाली पँट जरा वर, बेंबीच्या दोन बोटं खाली बसली तर शर्टाचा त्रिकोण कोटाच्या बटणाखाली दिसत नाही. पोट असेल तर पट्टा पोटाखाली की पोटावर, हे एकदा ठरवा. टेलर तुमच्यासाठी ते ठरवू शकत नाही. मोहरी, म्हणजे पायाशी पँटचा घेर, १४ ते १५ इंच बारीक दिसते, १६ साधी. मांडीला आणि गुडघ्याला वेगळी मापं घेतली जातात का बघा. नुसती कंबर, सीट आणि मोहरी घेऊन मधे सरळ रेघ मारली तर भरलेल्या मांडीवर खिसे उघडे राहतात. उंची बूट घालून ठरवायची: पुढे बुटावर जेमतेम टेकली पाहिजे, चुण्यांचा ढीग नको. चेन चांगल्या कंपनीची मागून घ्या, त्यात वाचणारे वीस-तीस रुपये महाग पडतात.

माया मात्र मागून घ्या, आकड्यात: पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच, खाली दुमडीत दोन इंच, कोटाच्या बाजूंना एक इंच, बाहीत दीड इंच. हीच माया पाच वर्षांनी पोट सुटल्यावर सूट वाचवते.

ताब्यात घेताना आणि नंतर

दुकानातच घाला. बसा, हात पुढे करून गाडीचं हँडल धरल्यासारखं करा, वाका, बुटाची नाडी बांधा. काजांचे धागे सुटलेले नाहीत ना, बटण आणि कापड यांच्या मधे दोऱ्याची छोटी मान आहे का, दोन्ही लॅपल आणि दोन्ही खिसे एका रेषेत आहेत का, ते बघा. आतल्या खिशात पेन आणि मोबाइल घालून छातीवर फुगवटा येतो का तेही. उरलेले पैसे हे सगळं झाल्यावर द्या. आधी पूर्ण रक्कम दिली की आल्टरला तारखा पडतात.

मापाच्या वहीतल्या तुमच्या पानाचा फोटो घ्या, दुरुस्त्यांसकट. मास्टर दुकान बदलतात, वह्या हरवतात.

ड्रायक्लीन वर्षातून एकदोनदाच. घालून आल्यावर रुंद खांद्याच्या हँगरला रात्रभर हवेशीर टांगा, ब्रश मारा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कापडी कव्हर बरं. लोकर असेल तर कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यावर विसंबू नका, स्वच्छ करूनच ठेवा. कसर लागते ती घाम आणि डाग राहिलेल्या जागी. उरलेलं कापड, चिंध्यासुद्धा, आणि दोन जादा बटणं टेलरकडून मागून घ्यायची, कारण रफूला धागा त्याच कापडाचा लागतो.